एका हाताने लिहिलेली दोन नावे

भोंगवलीहून सारोळ्याला महामार्गावर आले की नीरा नदीवरचा पूल लागतो. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. या पुलाच्या कठड्याला कुणी कुलूप लावलेले मी आजवर पाहिलेले नाही. एस.टी.च्या खिडकीतून नदीत नाणे टाकणारे आणि टाकून झाल्यावर हात जोडणारे प्रवासी पाहिले आहेत. वऱ्हाडाची गाडी थांबवून नव्या नवरीच्या हातून पाण्यात नारळ सोडायला लावणाऱ्या आज्याही पाहिल्या आहेत. प्रेमाच्या नावाने पुलाला कुलूप लावायचे आणि किल्ली नदीत फेकायची, ही रीत आमच्याकडे आलेली नाही. तरीही युरोपातल्या पुलांवरच्या या कुलपांविषयी गेल्या दीड दशकात जो वाद झाला, तो मी इथे बसून बऱ्याच बारकाईने वाचत आले. कारण तो वाद वेगळ्या रूपात आपल्याकडे कधीचाच चालू आहे. आपली कुलपे गडांवर आहेत आणि ती अक्षरांची आहेत.

आधी तिकडची हकिकत थोडक्यात सांगते. पॅरिसच्या सेन नदीवर ‘पाँ देझार’ नावाचा पादचारी पूल आहे. साधारण २००८ च्या सुमारास त्याच्या जाळीच्या कठड्यावर प्रेमी युगुले आपल्या नावांची कुलपे लावू लागली. एका कुलपाचे वजन ते किती असणार! पण जगभरातून माणसे येत राहिली, आणि जून २०१४ मध्ये त्या ओझ्याने कठड्याचा एक भाग कोसळला. पुढच्या वर्षी, १ जून २०१५ पासून, महापालिकेने सारी कुलपे उतरवायला घेतली. ती १० लाखांच्या घरात असावीत आणि त्यांचे वजन ४५ टन भरेल, असा तेव्हाचा अंदाज होता. जाळीच्या जागी काचेची तावदाने आली. काचेला कुलूप अडकवता येत नाही. उतरवलेल्या कुलपांपैकी काहींचा २०१७ साली लिलाव करून ते पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आले. रोममधल्या पोन्ते मिल्व्यो या प्राचीन पुलावर हे वेड फेदेरिको मोच्चा या लेखकाच्या २००६ सालच्या कादंबरीने आणले असे मानतात. तिथे दिव्याचा खांब भाराने वाकला, आणि अखेर २०१२ मध्ये ती कुलपेही काढली गेली. जर्मनीतल्या कोलोन शहराची गोष्ट निराळी. ऱ्हाइन नदीवरच्या होहेनझोलर्न या रेल्वेपुलावरची कुलपे काढण्याचा विचार आधी रेल्वेने केला होता; लोकांचा ओढा पाहून तो सोडून दिला, आणि तिथे कुलपे राहिली.

या वादात दोन पक्ष होते. एक पक्ष पुलाच्या बाजूचा: पूल सर्वांचा आहे, त्याची ताकद मोजलेली आहे, त्याचे रूप कुणीतरी विचारपूर्वक घडवले आहे, नदीत पडलेल्या लाखो किल्ल्या गंजत आहेत. दुसरा पक्ष प्रेमिकांच्या बाजूचा: शहर म्हणजे नुसता दगड आणि लोखंड नव्हे, माणसांनी तिथे ठेवलेल्या आठवणीही शहराच्याच असतात. दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे चांगले मांडले. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तिथे तो विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही. कुलपावर ज्या दोघांची नावे आहेत त्या दोघांची त्याला संमती होती का? गृहीत असे की दोघे मिळून पुलावर येतात, दोघे मिळून नावे लिहितात, दोघांच्या देखत कुलूप लागते आणि किल्ली पाण्यात जाते.

या प्रथेचे मूळ जिथे सांगितले जाते तिथली आख्यायिका मात्र इतकी सुखाची नाही. सर्बियातल्या व्हर्न्याच्का बान्या या गावी नादा नावाची एक शिक्षिका होती. तिचा रेल्या नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी वाङ्‌निश्चय झाला. पहिल्या महायुद्धात तो दूर गेला आणि तिकडे दुसऱ्याच मुलीत गुंतला. नादा झुरून गेली. मग गावातल्या मुलींनी, आपले तरी असे होऊ नये म्हणून, ज्या पुलावर ती दोघे भेटत त्या पुलाला नावांची कुलपे लावायला सुरुवात केली. पुढे देसांका माक्सिमोविच या कवयित्रीच्या कवितेमुळे ही कथा सर्वदूर गेली. आख्यायिका खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. तिच्यात कुलूप लावणारा हात मुलीचा आहे आणि त्यामागे भीती आहे, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे येऊ. आमचा भोर तालुका आणि शेजारचा वेल्हे, ज्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे, हा सारा मुलूख गडांचा. रोहिडा, रायरेश्वर, तोरणा, राजगड. राजगड म्हणजे शिवाजी महाराजांची सुमारे पंचवीस वर्षांची राजधानी. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि त्यांत राजगड एक. तो निर्णय ज्या बैठकीत झाला ती पॅरिसमध्येच भरली होती. आणि पाँ देझार ज्या सेनेच्या काठांना जोडतो ते काठ १९९१ पासून त्याच यादीत आहेत. म्हणजे आता कागदोपत्री राजगडाचा तट आणि तो पूल एका पंक्तीला बसले. त्यांचे दुखणेही एकच निघावे, हा योगायोग मला विचार करायला लावणारा वाटला.

आमच्या भागातल्या कोणत्याही गडावर जा. दरवाज्याच्या कमानीखाली, पाण्याच्या टाक्याच्या कडेला, तटाच्या चिऱ्यांवर नावे दिसतील. काही खडूने, काही ऑइलपेंटने, काही खिळ्याने नाहीतर दगडाच्या टोकाने कोरलेली. मध्ये बदाम, बदामातून आरपार गेलेला बाण. रंग काढता येतो. दुर्गसंवर्धनाचे काम करणारी तरुण मंडळी रविवारी गडावर जाऊन तो काढतात, आणि त्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. कोरलेले अक्षर मात्र काढता येत नाही. ते घालवायचे तर भोवतीचा दगडही तितकाच खोल खरवडावा लागतो. म्हणजे इजा पुसण्यासाठी आणखी मोठी इजा. पॅरिसचे कुलूप कटरने कापले की पूल पूर्ववत होतो. आपला दगड पूर्ववत होत नाही. म्हणून गडाच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझा वाद नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांबाबत १९५८ चा कायदा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन वर्षांपर्यंतचा कारावास व एक लाख रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाकडे येतो. त्यासाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. कायदा आहे हे योग्यच आहे.

दुसऱ्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो करणारे बहुधा माझ्यासारखे साहित्याचे लोक असतात. नाव कोरणे ही माणसाची आदिम ओढ आहे, असे ते म्हणतात. राजांनी कोरले तो शिलालेख, गरिबाने कोरले तो गुन्हा? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्याने चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडली. आज तीच तारीख अजिंठ्याच्या ‘शोधाची’ म्हणून आपण विद्यार्थ्यांना सांगतो. रोहिड्याच्या तिसऱ्या दरवाज्यावर मराठी आणि फारसी लेख आहेत. तेही कुणाच्या तरी नावासाठीच कोरलेले. मग सोमवारी कॉलेज बुडवून आलेल्या पोराने काय घोडे मारले? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण शिलालेख एक जबाबदारी घेतो: कुणी, कधी, कशासाठी हे सांगतो आणि त्याचा जाब देण्याची तयारी ठेवतो. स्मिथसाहेबाचे नाव प्रसिद्ध झाले म्हणून त्याने चित्राचे भले केले असे होत नाही. तरीही मी या युक्तिवादाकडे काहीशा सहानुभूतीने पाहत असे. निदान वर्गात त्यावर चर्चा घडवण्याइतकी.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ही चर्चा मी ठेवली. वर्गातली बरीचशी मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी. अपेक्षेप्रमाणे मुलगे तापले. गडाचे पावित्र्य, महाराजांचा अपमान, कोरणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत, इथपर्यंत मजल गेली. एकदोघांनी दबक्या आवाजात प्रेमिकांची बाजू घेतली आणि वर्ग हसला. मुली बराच वेळ गप्प होत्या. मग मागच्या बाकावरून एकीने विचारले, “मॅडम, पण कोरताना तिला विचारलं होतं का?” वर्गात पुन्हा हशा झाला. ती मात्र हसली नाही. तिने पुढे एवढेच विचारले की दगडाचे नुकसान झाले हे सगळे म्हणतात, महाराजांचा अपमान झाला हेही म्हणतात, तिचे काय झाले ते कुणी म्हणत नाही.

तास संपला, पण त्या प्रश्नाने माझे पाहणे बदलले. त्या वर्षीच्या सहलीत राजगडावर गेलो तेव्हा मी नावे वाचत हिंडले. पंचवीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला अक्षर ओळखण्याची खोड लागते. एकाच्या उत्तराला दुसऱ्याचा हात लागला असेल तर ओळी वाचायच्या आधी वळणावरून कळते. त्या खोडीने पाहिले तर दगडावरच्या जोडनावांत एक गोष्ट ठळकपणे दिसत होती: दोन्ही नावे एकाच हाताची. ‘र’ला तीच गाठ, काना तसाच डावीकडे कललेला, दाब सारखा. मुलाचे नाव बहुधा आधी आणि पूर्ण. कधी गावासकट, कधी मंडळाच्या नावासकट. मुलीचे पुष्कळदा नुसते आद्याक्षर. काही ठिकाणी मात्र तिचेही पूर्ण नाव, आडनावासह. दोन हातांनी लिहिलेली जोडी मला त्या दिवशी एकही सापडली नाही. माझी पाहणी काही शास्त्रीय नव्हे, एका दुपारची आहे. तिच्यावरून कुणाच्या प्रेमाचा निवाडा मी करणार नाही. आद्याक्षरे कोरणारा कदाचित तिला जपतच असेल. ती शेजारी उभी राहून हसतही असेल. पण दगड ते सांगत नाही. दगड एवढेच सांगतो की हत्यार एकाच्या हाती होते.

मराठीत ‘नाव’ या शब्दाभोवती केवढा संसार उभा आहे! मूल नाव काढते, नाव घालवते, नाव बुडवते. लोक नावे ठेवतात. जमीन नावावर होते. बाई नाव घेते. आणि एखाद्या मुलीचे नाव एखाद्या मुलाशी ‘जोडले जाते’. या शेवटच्या प्रयोगाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘जोडले जाते’ हे कर्मणी आहे. जोडणारा कोण ते वाक्यात येतच नाही. व्याकरणात जो कर्ता लपतो तो गावातही लपतो. उखाण्याचीही गंमत पाहा. नवऱ्याचे नाव बाईने सरळ उच्चारायचे नाही म्हणून ते दोन ओळींच्या यमकात गुंडाळून, चारचौघांच्या आग्रहाखातर, लाजत घ्यायचे. इतकी बंधने तिच्या जिभेवर. उलट लग्नात अनेक घरी ताटात तांदूळ पसरून नवरा मुलगा सोन्याच्या अंगठीने बायकोचे नाव लिहितो, आणि काही घरांत ते नवेच नाव असते, त्याने किंवा त्याच्या माणसांनी पसंत केलेले. तिचे नाव त्याच्या हाताने लिहिले जाणे याला आपल्याकडे मंगल मानले आहे. तांदळातले नाव निदान हात फिरवला की मोडते. दगडावर खिळा घेऊन बसलेला पोरगा या परंपरेपासून फार दूर आहे असे समजू नये. त्याने तांदळाऐवजी कातळ घेतला, एवढेच.

हे सारे शब्दांच्या चमत्कृतीसाठी सांगत नाही. माझी एक शाळेतली मैत्रीण होती. आमच्या पंचक्रोशीतल्याच एका गावची. गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. ती नववीतून दहावीत गेली त्या उन्हाळ्यात गावातल्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात तिचे नाव लिहिले. शेजारी एका मुलाचे, मध्ये बदाम. त्या मुलाशी ती एक शब्दही बोललेली नव्हती. तो तिच्या भावाबरोबर क्रिकेट खेळायला यायचा, तेवढीच ओळख. तिच्या वडिलांनी रातोरात भिंतीला चुना लावला. पण चुन्याखालून तेलाचा रंग दबत नाही. पहिला पाऊस पडला आणि नाव पुन्हा वर आले, आधीपेक्षा फिके, पण वाचता येईल असे. त्यांनी पुन्हा चुना लावला. मग एक दिवस मामा आला, आणि पुढच्या माघात तिचे लग्न झाले. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला होता. हॉलतिकीट शाळेतच पडून राहिले. ज्याने नाव लिहिले, किंवा ज्याच्या नावाने ते लिहिले गेले, त्याला वडिलांचा मार बसला असेल. शाळा मात्र त्याची सुटली नाही. पुढे काही वर्षे मित्रमंडळींत तो मोठा धीट म्हणून ओळखला जाई.

ती आता सुखात आहे. तिच्या मुली शिकल्या. धाकटी नर्सिंगला आहे. मध्यंतरी भेट झाली तेव्हा मी गडावरच्या नावांविषयी लिहायचे म्हणते आहे, असे तिला सांगितले. ती म्हणाली, “लिही. पण माझं नाव लिहू नको गं.” मग आम्ही दोघी हसलो. पण तिने ते गमतीने म्हटले नव्हते.

हे मनात ठेवून आजच्या वादाकडे पाहिले तर एक नवीच अडचण दिसते. गेल्या काही वर्षांत गडावर नावे लिहिणाऱ्यांना पकडून त्यांचा व्हिडिओ काढायचा, माफी मागायला लावायची आणि तो सर्वत्र पसरवायचा अशी पद्धत पडली आहे. नुसत्या कोरलेल्या नावांचे फोटोही संतापाच्या मजकुरासह फिरत असतात. हेतू गडाच्या रक्षणाचा असतो, यात शंका नाही. पण त्या फोटोत तिचेही नाव असते. डोंगराच्या माथ्यावर, जिथे तीन तास चढून शंभर माणसे पोहोचली असती, तिथून ते नाव उचलून आपण हजारो फोनांवर नेतो. पाण्याच्या टाकीची भिंत एका गावापुरती होती आणि तिच्यावर चुना तरी लावता येत होता. मुलाला शिक्षा व्हावी म्हणून आपण जे पसरवतो त्यात शिक्षा भोगायची वेळ कुणावर येते, हे आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांना विचारा. मुलगी एका सोमवारी वर्गात दिसत नाही. पुढच्या सोमवारीही दिसत नाही. मग मैत्रिणी सांगतात, तिचे ‘घरचे नाही म्हणाले’.

प्रेमिकांची बाजू घेणाऱ्यांचा याहून वजनदार एक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, आपल्या समाजात तरुण मुलामुलींना बसून बोलायला जागा कुठे आहे? बागेत रखवालदार हटकतो, नदीकाठी टोळकी त्रास देतात, लॉजचे नाव काढायची सोय नाही, घरी तर प्रश्नच नाही. गडाच्या वाटा या त्यांच्या मोकळ्या श्वासाच्या जागा आहेत. ज्यांच्या प्रेमाची नोंद लग्नपत्रिकेत होणार नाही, जातीमुळे होऊच दिली जाणार नाही, त्यांनी ती दगडात केली तर त्यामागचे दुःख समजून घ्या. मला हे पटते. पॅरिसच्या कुलपात हौस पुष्कळ होती. आमच्या दगडांवरच्या काही नावांत कोंडी आहे. आपल्या शहरांच्या चौकाचौकांत आता मोठा लाल बदाम घातलेल्या, त्या त्या गावावरच्या प्रेमाची ग्वाही देणाऱ्या पाट्या उभ्या राहिल्या आहेत, लोक त्यांच्यापुढे सेल्फी काढतात. गावावर प्रेम करायला सरकारी खर्चाने बदाम मिळतो, माणसाने माणसावर करायचे तर अंधार गाठावा लागतो. ही विसंगती खरीच आहे.

पण म्हणूनच तो प्रश्न अधिक टोकदार होतो. ज्या प्रेमाला जग नाकारते, त्यात जगाची झळ दोघांना सारखी बसत नाही. ज्याला ती कमी बसते त्याच्या हाती खिळा आहे. कोंडीतून सुटण्याची त्याची आरोळी तिच्यासाठी कोंडीची कडी ठरू शकते. खरे प्रेम असेल तर हे त्याला कळायला हवे, असे मी म्हणणार नाही. विशीत पुष्कळ गोष्टी कळत नाहीत आणि प्रेम तरीही खरे असते. मात्र ते त्याला कुणीतरी शिकवायला हवे, आणि ते ‘पावित्र्य’ या शब्दाने शिकवता येत नाही. पावित्र्य म्हटले की तो दगडाला नमस्कार करतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बाकावर तिचे नाव कोरतो. बाक काही संरक्षित स्मारक नव्हे.

या संदर्भात मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका फार जुन्या जोडनावाची आठवण होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथला नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. त्या लेण्यात पूर्वी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा गेल्या, वरची नावे उरली. त्यांपैकी एका ठिकाणी राणी आणि राजा यांची नावे एकत्र आहेत: नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि सातकर्णी. एकाच लेखात पती-पत्नी, आणि राणीचे नाव आधी. आपल्या कातळावरचे हे बहुधा सर्वांत जुन्या जोडनावांतले एक असेल. ते अमुक भावनेने कोरले असे मला म्हणायचे नाही. राजघराण्याचा तो अधिकृत लेख आहे, प्रेमपत्र नव्हे. पण त्या लेण्यातली नागनिका कुणीतरी परस्पर नाव जोडलेली बाई नाही. तिच्या नावामागे तिची सत्ता आहे, तिची दाने आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या बौद्ध लेण्यांतही साध्या स्त्रियांची आणि भिक्षुणींची नावे दानलेखांत आढळतात. आपल्या पुण्यासाठी, आपल्या धनाने त्यांनी काही दिले म्हणून ती तिथे आली. म्हणजे स्त्रीचे नाव दगडावर येणे यात आपल्याकडे अघटित काही नव्हते. ते कुणाच्या मर्जीने आले, एवढाच प्रश्न आहे.

तर मग करायचे काय? मोठे उपाय माझ्याजवळ नाहीत. मॉस्कोत पुलावर लोखंडी झाडे उभारून कुलपांना जागा करून दिली, तसा एखादा कठडा गडाच्या पायथ्याशी उभारावा असे कुणी सुचवतात. मला त्याने फारसा फरक पडेल असे वाटत नाही, कारण खिळा धरणाऱ्याला पायथा नको असतो, माथा हवा असतो. मला तीन साध्या गोष्टी सुचतात. दगडाची हानी करणाऱ्याला कायद्याने जी शिक्षा सांगितली आहे ती कायद्यानेच व्हावी. जमावाने गडावर भरवलेल्या कचेरीत नव्हे. दुसरी, अशा नावांचा फोटो कुणाला तक्रारीसाठी घ्यावा लागला तर तो खात्याकडे जावा, लोकांत जाऊ नये. आणि लोकांत न्यायचाच असेल तर नावे झाकून न्यावा. बातमीदाराला हे कळते, पीडितेचे नाव तो छापत नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आता छापखाना आहे, तेव्हा तेवढे भान आपल्यालाही हवे. तिसरी गोष्ट माझ्या धंद्याची. गडावर सहल नेताना आम्ही प्राध्यापक मंडळी मुलांना इतिहास सांगतो, कचरा टाकू नका सांगतो, नावे लिहू नका सांगतो. नावे का लिहू नयेत याची दोन कारणे सांगायला हवीत. दगड सर्वांचा आहे हे पहिले. दुसरे असे की तिचे नाव तिचे आहे.

हे दुसरे कारण मी गेली दोन वर्षे सांगते आहे. पहिल्या कारणावर मुलगे जोरात मान हलवतात. दुसऱ्यावर जरा वेळ शांत होतात. कुणी म्हणतो, “मग मॅडम, आपलं एकट्याचं लिहिलं तर?” तेव्हा पुन्हा पहिल्या कारणाकडे यावे लागते, आणि वर्ग हसतो. पण त्या हसण्यात आता मुलींचाही आवाज असतो, हे मी ऐकले आहे.

पॅरिसच्या पुलाचा प्रश्न अखेर काचेने सुटला. तो भाराचा प्रश्न होता. भार मोजता येतो, उतरवता येतो, लिलावात विकताही येतो. आपल्या तटांवरच्या नावांना वजन नाही म्हणून तट कोसळणार नाहीत. त्यांचा भार गडावर पडत नाही. तो खाली, कुठल्यातरी घरात, फॉर्म भरून परीक्षेची वाट पाहणाऱ्या मुलीवर पडतो, आणि तो मोजायला अजून कुणी काटा केलेला नाही.